पोरगी खांबावर असताना

लाईट आली की आमच्या अंगणात एकच गलका होतो. "आली, आली!" डबे सरकतात, पोती उचलली जातात, कुणीतरी हाक मारतं, "काकू, लावा न चक्की!" आणि मी कळ दाबायची सोडून भिंतीला हात टेकून उभी राहते. नव्या माणसाला वाटतं, बाईला चक्कर आली. जुने गालातल्या गालात हसतात. हसोत मेले.

अड्याळजवळच्या आमच्या गावात आमची पिठाची चक्की आहे. गहू, तांदूळ, डाळ, उन्हाळ्यात मिरची. लाईट गेली की माझा धंदा बसला. म्हणजे लाईट आल्यावर सगळ्यांत आधी मीच खूश व्हायला पाहिजे.

कधीकाळी होतही होते. दहावीच्या वर्षी कंदिलाला नाक लावून भूमितीच्या आकृत्या काढायची मी. मधेच बल्ब पेटला की आम्ही बहिणी टाळ्या पिटायचो आणि आई ओरडायची, "नाचू नका, पुस्तक धरा!" त्या लख्ख उजेडात सगळं प्रमेय एकदम कळल्यासारखं वाटायचं. काही कळलेलं नव्हतं, ते निकालाच्या दिवशी समजलं. पण तो आनंद खरा होता.

मग लग्न झालं. नवरा लाईनमन. आमची पोरगी नुकती चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. वादळानंतर एकाच लाईनवर दोन ठिकाणी दोन टोळ्या काम करत होत्या. एका टोळीचं काम संपलं, त्यांनी सबस्टेशनला कळवलं की आमचं झालं. तिथल्या माणसाने लाईन चालू केली. दुसऱ्या टोळीतला माणूस अजून खांबावरच होता, आणि तो माझा नवरा होता. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी कायमची ताठ झाली. ज्या क्षणी तो वरून फेकला गेला, त्याच क्षणी माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब पेटला होता. मी वांग्याची भाजी फोडणीला टाकत होते आणि "आली वं बाई" म्हणून हसले होते. तेव्हापासून लाईट आली की मी आधी भिंत धरते. त्याने मात्र सुट्टी संपल्यावर पुन्हा खांब धरला, निवृत्त होईपर्यंत. "तुले तं उजेडाचंबी भेव," असं म्हणून मला चिडवायचा.

एवढं सगळं ऐकत वाढूनही पोरीने आयटीआयला इलेक्ट्रिकलचा फॉर्म भरला. मी आकाशपाताळ एक केलं. "दुसरं काही सापडलं नाही तुले? नर्सिंग कर, शिलाई कर, कायले मले जित्तेपणी मारतं?"

"आई, बाबाची नोकरी चांगलीच होती न?"

"चांगली? त्याची बोटं पाह्य!"

पोरगी पास झाली, नोकरीला लागली आणि नशीब असं की ड्युटी आमच्याच भागात मिळाली. गाव तिला 'लाईनमन पोरगी' म्हणतं, कौतुकाने. मी एकच अट घातली. चढायच्या आधी फोन करायचा आणि उतरल्यावर करायचा, आणि उतरल्याचा फोन लाईट यायच्या आधी आला पाहिजे. ती हसली, पण पाळते. आधी फोन, मग लाईट. त्या क्रमावर माझं जेवणखाण चाललंय म्हटलं तरी चालेल.

यंदा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एका दुपारी तो क्रम चुकला.

वारा सुटला होता, कुठेतरी फांदी तारेवर पडली आणि चक्की थांबली. थोड्या वेळाने पोरीचा फोन आला, "आई, चढून राहिली. तलावाच्या पाळीखालचा खांब आहे." अंगणात बाया डबे घेऊन बसलेल्या. त्यांतली एक म्हणाली, "काकू, पोरीले सांगा न लवकर आटप म्हणून. घरी रोवणाऱ्या बाया जेवाच्या आहेत माह्या."

"तू चढ न मंग," मी म्हणाले. ती डब्याचं झाकण उघडझाक करत बसली.

आणि चक्कीवरचा बल्ब पेटला. फोन वाजला नव्हता. "आली, आली!" सुरू झालं. मी फोन हातात धरून पाहत राहिले. मग लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

नवरा खाटेवर पेपर वाचत होता. मला वाटलं, आता चिडवणार. त्याने फक्त विचारलं, "फोन आला होता का?" मी नाही म्हणून मान हलवली. तो उठला. एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात माझी. गाडीची किल्ली त्या ताठ बोटांनी भोकात जाईना. हा माणूस घाबरला म्हणजे घाबरण्यासारखंच असणार. चक्की तशीच उघडी टाकून मी गाडीवर बसले. रस्त्यात एकाही देवाचं नाव आठवलं नाही. नुसतं "माय वं, माय वं" चाललं होतं.

पाळीवरून खाली पाहिलं तर खांबावर कुणी नव्हतं. मग दिसली. खांबाजवळच्या धानाच्या बांधीत गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून काहीतरी चाचपत होती. हेल्मेट शेताच्या कडेच्या धुऱ्यावर ठेवलेलं.

"आई? काहून आले तुम्ही?"

उतरताना खिशातला फोन चिखलात पडला होता. काम झाल्याचं तिच्या सोबतच्या जुन्या लाईनमनने आपल्या फोनवरून सबस्टेशनला कळवलं होतं. एवढंच. मी बांधीत उतरले आणि तिच्या पाठीत दणका घातला. दुसरा घातला आणि तिथेच तिला धरून भोकाड पसरलं. तिच्या अंगाला घामाचा आणि रबरी हातमोज्यांचा वास येत होता. तो वास घेत, पोरगी जिवंत आहे, जिवंत आहे, असं मी मनात म्हणत राहिले. नवरा धुऱ्यावर पाठ फिरवून उभा होता.

एवढ्यात तो जुना लाईनमन पाळीवरून ओरडला, "गेली पुन्हा!" तलावाच्या या बाजूला, पुढच्याच खांबावर तारांचा जोड जळला होता. जुना लाईनमन लाईनचं दुसरं टोक पाहायला मोटरसायकलवर निघून गेला. पोरीने हात पुसले. "आई, तुहा फोन दे." तिने सबस्टेशनच्या माणसाला सांगितलं, "लाईन बंद ठेवा. माहा फोन खराब झाला, याच नंबरवर बोला. मी सांगतल्याशिवाय चालू करू नका." मग लांब दांडीने तारा तपासल्या, जमिनीला जोडल्या, फोन माझ्या हातात दिला आणि चढली. खाली दोर धरायला तिचा बाप.

इतकी वर्षं मी घरी बसून भ्यायले, पण चढताना कुणाला पाहिलं नव्हतं. पाहू नये कुणाच्या आईने. वर पोचेस्तोवर ती केवढीशी दिसायला लागली.

"तारा जमिनीला जोडल्या आहेत," नवरा म्हणाला. "आता चालू झाली तरी इतका धोका नाही."

"तुमच्या वेळी जोडल्या होत्या का?"

त्याने दोर आणखी घट्ट धरला.

फोन वाजला. सबस्टेशनचा माणूस. "झालं का? लोकं फोन करकरून डोकं खाऊन राहिले. चालू करू?"

फोनवर हो-हो म्हणायची माझी सवय. समोरचा काय बोलतो ते ऐकायच्या आधी मी दोनदा हो म्हणते. ते 'हो' अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी वर पाहिलं. तिचे दोन्ही हात तारेवर होते.

"नाही!" मी एवढी किंचाळले की नवरा दचकला. "ती वर आहे! माही पोरगी वर आहे!"

"बरं बरं, ओरडू नका. उतरली की सांगा."

"फोन ठेवू नका," मी म्हणाले.

"काहून?"

काय सांगणार? हा माणूस माझ्याशी बोलतोय तोवर त्याचा हात बटणावर जाणार नाही, असं मला वाटलं होतं. त्याचं गाव विचारलं. जेवण झालं का विचारलं, काय जेवला तेही विचारलं. त्याच्या घरचा रोवणा झाला की नाही विचारलं. तो बिचारा उत्तरं देत राहिला. आधी वैतागून, मग त्याला काय कळलं कोण जाणे, आवाज मऊ झाला. "बोला बाई," म्हणाला, "मी बसलो आहो. बोला तुम्ही." मी काय बोलले ते मला आता आठवत नाही. डोळे वर होते.

ती उतरली. तारांची जमिनीशी केलेली जोडणी काढली. जुना लाईनमनही तोवर दुसरं टोक पाहून पाळीवर परत आला होता. चिखलाचे बूट जमिनीवर टेकले तरी माझा विश्वास बसेना. मी तिचं मनगट धरलं, नवऱ्यालाही ओढून खांबापासून दूर नेलं.

"आई, फोन दे. लोक खोळंबले."

"खोळंबू दे."

"बाई," फोनमधून आवाज आला, "आता करू का चालू?"

पोरगी हात पुढे करून उभी होती. मी फोन दिला नाही. तिच्या मनगटावरची माझी पकड आणखी घट्ट केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हो. करा."