चादरीवर चालत आलेली आई

आईचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी तिची समजूत. एवढं जपून शेवटी दम्यानं ते घटवलंच.

तुंगार्लीच्या ज्या बंगल्याची आबा, म्हणजे माझे वडील, राखण करायचे, तिथले साहेब सुट्टीत आले की चावी देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्यानं हलती चित्रं काढत. एकदा तळ्यावरून पाणी आणणारी आई त्यांनी तिच्या नकळत टिपली होती. आम्हाला हे कळलं ते ती गेल्यावर, वर्षश्राद्धही उरकल्यावर. मी तेव्हा मळवलीला सासरी होते. आबांनी निरोप धाडला, "तुजी आई दिसनार हाय, ये."

दिवेलागणीला साहेबांनी दिवाणखान्यात चादर टांगली. तिच्या कडेला टीप आईनंच घातलेली. यंत्र घरघरलं आणि आई आली. आली कसली, पळतच आली! चार पावलं टाकून दम खायला थांबणारी माझी आई डोक्यावर घागर घेऊन तुरुतुरु चालत होती. साहेबांची पाहुणेमंडळी खो खो हसली. मला असा संताप आला की ती चादरच ओढून काढावीशी वाटली.

आबा मात्र पुढं सरकून बघत होते. "हिला येवडी घाई कशाची? आमची अशी न्हवती."

साहेब वरमले. "चूक माझी, आबा. चावी पुरती दिली नव्हती. कॅमेरा मंदावला, चित्रं कमी निघाली. हे यंत्र तीच भराभर दाखवतंय."

त्यांनी फीत मागं घेतली आणि यंत्र हळू केलं. आता चाल तिची वाटू लागली, पण उजेड लुकलुकायला लागला. आई दिसायची, विझायची, परत दिसायची. एकेक पाऊल धक्का खाल्ल्यासारखं पडत होतं. तरी मी डोळे फाडून बघत राहिले. मध्येच ती घागर सावरत उभी राहिली. दम लागला होता तिला. मला अगदी भडभडून आलं.

आबा उठलेच. "सायेब, हितंच थांबवा. वाईच बसू द्या तिला."

"थांबवता येत नाही हो. यंत्रातल्या दिव्याची धग एकाच जागी लागली की फीत जळते."

आबा खाली बसले.

"नगं, सायेब. येकदा जाळलीया तिला. पळू द्या."

साहेबांनी वेग वाढवला. आई तुरुतुरु निघून गेली.