कॅबिनेटमधली डावखुरी गाठ

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. आमच्या चाळीत अमावस्येला नारळ ओवाळून टाकणारे बरेच आहेत आणि त्यांची सगळ्यात जास्त टिंगल मीच करतो. त्यामुळे या सदरासाठी लिहायला बसलोय याची जरा लाजच वाटतेय... असो.

आम्ही घोडपदेवला राहतो. दुसरा मजला, जिन्याला लागून खोली, घरात दोनच माणसं — मी आणि आई. वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. संप लांबत गेला आणि एक दिवस वडील “गावी जाऊन येतो” म्हणून निघाले, ते गावी पोचलेच नाहीत. पोलीस झाले, नातेवाईक झाले, कुणी सुरतेत दिसले म्हणालं म्हणून मामा तिकडेही जाऊन आला... काही पत्ता नाही. आई अजून कुंकू लावते. गळ्यातल्या सोन्याच्या वाट्या संपातच गेल्या. उरलेले काळे मणी वडिलांनी जाण्याआधी मिलच्या सुतात ओवून दिले होते, मानेमागे गाठ मारून. ते सूत आता इतकं मळलंय, तरी “दुसरा दोरा घालू” म्हटलं की आई अंगावर येते.

संपानंतर वीसेक वर्षांनी मी घरी कॉम्प्युटर घेतला. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला. आई त्याला “तुझो साचो” म्हणायची. समोर मिलच्या जागेवर टॉवरचं काम चालू होतं, त्यामुळे धूळ अशी, की दर थोड्या दिवसांनी कॅबिनेट उघडावंच लागे. मागचे स्क्रू काढायचे, बाजूचा पत्रा सरकवायचा, जुन्या दाढीच्या ब्रशने पंखा झाडायचा, रॅम काढून तिच्या पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचं. कुणालाही जमेल असं काम आहे, मी काही इंजिनिअर नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पंख्यातून टक-टक-टक आवाज यायला लागला होता. उघडून बघितलं तर आतल्या वायरींचा जुडगा सुटून पात्यांना घासत होता. बांधायला प्लॅस्टिकची पट्टी घरात नव्हती. मी वायरी बोटाने मागे ढकलल्या आणि पत्रा लावून टाकला. अर्ध्या तासात टक-टक परत चालू! आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “असो आवाज इलो की हे म्हणायचे, खंयतरी धागो तुटलो. बांध रे तो.”

“बांधतो गं,” म्हटलं आणि राहून गेलं.

दसऱ्याला आईने कॉम्प्युटरची पूजा केली. मिल चालू असताना दसऱ्याला घरच्यांना आत सोडायचे, साच्यांना हार घातलेले असायचे, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिने कॅबिनेटला झेंडूचं फूल वाहिलं आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली — ती नेमकी पत्रा आणि बॉडी जिथे जुळतात त्या फटीवरून. मी ओरडलो, “अगं, आत जाईल ना!” पण तोवर झालं होतं. ते वाळून कडक झालं आणि तसंच राहिलं.

दोन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आवाज बंद झालाय. म्हटलं, बरं झालं, आपोआप बसली वायर.

दिवाळीच्या साफसफाईत भर दुपारी कॅबिनेट उघडायला घेतलं. हळदीकुंकवाची बोटं अखंड होती, हे मी नीट बघितलंय, कारण पत्रा सरकवताना ती माझ्यासमोर मधोमध तडकली आणि मला उगाच कसंतरी वाटलं. आत बघतो तर वायरींचा जुडगा एका बाजूला व्यवस्थित बांधलेला. पांढऱ्या सुताने. तीन-चार वेढे आणि वर एक बारीक, चपटी गाठ, टोकं अगदी जवळून तोडलेली.

पहिला संशय अर्थात आईवर.

“आई, हे तू बांधलंस?”

ती चष्मा लावून वाकली. पदराने चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हणाली, “माका ही गाठ येणा नाय. हे शिकवतलंय म्हणालेले. ता शिकवचा रवलाच.”

तिला स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा हेही ठाऊक नाही. मग मीच बांधून विसरलो का? तेही करून बघितलं, पण दोरा घेऊन तासभर बसलो तरी तशी गाठ काही जमेना. कॉम्प्युटर घेतला त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “भाई, हम लोग सूत से कायको बांधेंगे?” आणि मुळात दसऱ्याआधी वायरी सुट्या होत्या, हे मी स्वतः बघितलं होतं ना!

शेवटी शेजारच्या सावंतकाकांना बोलावलं. ते वडिलांबरोबर साच्यावर होते. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. “साचेवाल्याची गाठ आहे रे. पण उलटी आहे. डावखुऱ्या माणसाने मारलेली.” मग आईकडे बघून हळूच म्हणाले, “वहिनी, जरा मान दाखवा.”

आईने अंबाडा वर धरला. काका एकदा तिच्या मानेमागची गाठ बघत होते, एकदा कॅबिनेटमधली. मीही बघितल्या. मला गाठींतलं काय कळणार, पण दोन्ही एकाच बाजूला वळत होत्या. आमच्या घरात डावखुरे फक्त वडील होते.

काका खाली बसले आणि आईने ठेवलेला चहा बाजूला सरकवला. “वहिनी, राग मानू नका... पण इतकी वर्षं झाली. आता तरी त्याचं दिवसकार्य उरका. जीव अडकलाय त्याचा, म्हणून घरात येतोय.”

आई एवढी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. “हे घरात येवन काम करून गेले, आणि तुम्ही त्यांचे दिवस घालूक सांगतास? उठा!”

काका चहा तसाच ठेवून गेले. आई मग रडली, आणि रडताना हसलीसुद्धा. तिला आनंद झाला होता हो! मी मात्र हळदीकुंकवाची ती तडकलेली बोटं बघत होतो. बंद पत्र्याच्या आत हात घालणारा माणूस जिवंत कसा असेल? आणि हे मी तिला सांगायचं कोणत्या तोंडाने? मी काही बोललो असतो, तर त्याच दिवशी तिच्या कपाळाचं कुंकू मी पुसलं असतं. मी नुसता पत्रा लावला.

ती गाठ आजही तिथेच आहे. कॉम्प्युटर कधीच बंद पडला, तरी आई तो भंगारात देऊ देत नाही. या सदराला लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “लिही. पण भूतबीत लिहू नको. भूत मेलेल्याचा असता.”

तेव्हा वाचकहो, हे काय होतं ते मला कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, पत्र मी आईला वाचून दाखवेन. फक्त एवढंच बघा, त्यात माझे वडील जिवंत असले पाहिजेत.