गोधडीच्या वरचा गारवा

मुलांनो, तुम्ही मे महिन्यात यायचात म्हणून एप्रिलमध्ये गोधड्यांना ऊन दाखवायची मला सवय. यंदाही गच्चीवर घातल्या. संध्याकाळी घडी करताना हाताला वरचं कापड गार लागलं, पण आत हात घातला तर ऊन अजून तसंच होतं.

तुमची सईताई संगणकावर हवामानाची मॉडेलं चालवते. तिला फोनवर हे सांगितलं, तर हसली.

"आजी, पृथ्वीचंही असंच. कार्बन डायऑक्साइड वाढला की ऊब खाली अडकते आणि वर ओझोनपाशी हवा गार होते. गारव्यात ओझोन मोडायचा वेग मंदावतो. म्हणून मॉडेलमध्ये ओझोनचा थर वरच्या बाजूला पुढे जाड होताना दिसतो."

"म्हणजे ओझोन सुधारतोय! मग या की मेमध्ये."

"कसली घाई गं तुला! विषुववृत्ताकडे थोडा खाली तोच थर पातळही होतो. आणि उकाडा राहतो तो तुझ्याच गच्चीवर. बाळाला सोसायचा नाही. आम्ही आता डिसेंबरातच येणार."

बातमीतला बरा भाग इतक्या उंचावर असतो, की माझा हात काही तिथवर पोहोचत नाही. सईचं बाळ अजून मी फक्त फोनवरच पाहिलंय.

घड्या घालून गोधड्या ट्रंकेत ठेवल्या. एक तेवढी बाहेर ठेवली, सगळ्यांत लहान. डिसेंबरआधी तिला पुन्हा ऊन दाखवीन.