हापिसची बरणी

मी गाव दोनदा सोडलं. पहिल्यांदा निघालो तेव्हा अर्धं गाव फाट्यावर आलं होतं. मायने डोळ्यांना पदर लावला, सरपंच नामदेवकाकांनी पानाचा विडा दिला, बाबा मुद्दाम दुसरीकडे बघत उभे राहिले, आणि नागपूरची बस आलीच नाही. उमरेडलाच बंद पडली म्हणे. अंधारून आलं तसे लोक एकेक करत पांगले. मी आणि बाबा ट्रंक उचलून माघारी आलो. मायने पुन्हा ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो तर फाट्यावर फक्त एक कुत्रं. सगळ्यांचं रडून झालेलं, माझंही. बाबा म्हणाले, "जाय बाप्पा आता एकदाचा. लोकाईले रोज रोज कुठून रडू येईन?"

तेव्हा फाट्यावर आलेल्यांपैकी काही जण अजून गावात आहेत, बरेचसे माझ्यामागोमाग शहरात आले. दोन्हीकडच्यांना हे सांगतो आहे, कारण पुढचा मूर्खपणा तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकला नसणार. गावाने ऐकवलाय, पण गाव मीठमसाला लावतं.

नागपुरात जरीपटक्याला एका सिंधी कापडवाल्याच्या माडीवर खोली मिळाली. नोकरी एका संशोधन संस्थेत. खेड्यांतलं पाणी, हवा, ग्रामपंचायतीचा कारभार आणि सरकारची माहिती लोकांपर्यंत पोचते की नाही, असा चौफेर अभ्यास. मी सगळ्यात खालच्या पायरीवरचा सहायक. पण शब्द फार मोठे मिळाले. गावात जे पाणी होतं ते इथे सँपल झालं. शेजारीपाजारी रिस्पॉन्डंट झाले. आणि जिथं मी उन्हातान्हात उनाडक्या केल्या, ते सगळं फील्ड झालं. सुट्टीत घरी जाऊन मी मायला म्हणालो, "परवा फील्डवर जायचं आहे." ती म्हणाली, "कोनाच्या वावरात?"

आमच्या गावाला लागून टेकडी होती. त्या सुमारास तिथं एका ठेकेदाराने खडीचा क्रशर बसवला. दिवसभर दगड फुटायचा आणि संध्याकाळपर्यंत संत्र्याच्या बागा पांढऱ्या पडायच्या. वाळत घातलेलं लुगडं झटकल्याशिवाय नेसता येत नव्हतं. म्हातारी माणसं खोकू लागली, त्यात बाबाही. ग्रामपंचायतीने ठराव केला की क्रशर वस्तीपासून लांब न्या. तालुक्याच्या कचेरीतून उत्तर आलं: धुळीचं मोजमाप आणा. ठेकेदाराचा परवाना वर्ष संपताना नवा व्हायचा होता. मोजमाप त्याआधी हवं होतं.

आता धूळ मोजणारा माणूस आमच्याच घरचा. नामदेवकाका थेट जरीपटक्याला आले. "दामू, आता तूच कर गा काही. नाही तं गावच उठवा लागन." मी कॉलर नीट केली. साहेबांना पटवलं, आसपासच्या गावांसोबत आमच्याही गावाचं नाव यादीत घुसवलं, आणि जीपमधून बरणी घेऊन गावात उतरलो. जीपमधून! लग्नाच्या नवरदेवालाही आमच्याकडे बैलगाडीच मिळायची.

बरणी म्हणजे रुंद तोंडाचं काचेचं भांडं. त्यात थोडं पाणी घालून महिनाभर उंचावर उघडं ठेवायचं. वरून जी धूळ पडेल ती पाण्यात बसते, मग ती वाळवून तोलायची. दुसऱ्या गावांत आम्ही शाळेच्या छपरावर बरण्या ठेवल्या आणि मास्तरांना सगळं समजावून सांगितलं. आमच्या गावात ती आमच्या घरावर ठेवली, कारण गावाने बघावं ही माझी हौस. मायला म्हणालो, "माय, हे हापिसची बरणी आहे. सांभाळजो." संपलं. माहिती लोकांपर्यंत का पोचत नाही, यावर अहवाल लिहिणाऱ्या संस्थेचा मी पगारी नोकर, आणि सख्ख्या आईला मी एवढंच सांगितलं.

महिन्याने बरण्या गोळा केल्या. बाकीच्या गावांतल्या मळकट, तळाशी गाळ. आमच्या घरची लखलखीत. मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. आपल्या घरचं काम कसं टापटीप, असं जीपच्या ड्रायव्हरला बोलूनही दाखवलं.

अहवालात आमचं गाव सगळ्यात स्वच्छ हवेचं निघालं. कागद खाली गावात यायच्या आधी वर सरकारकडे गेला होता. संस्थेचा नियम असा की निष्कर्ष गावाला साध्या भाषेत वाचून दाखवायचे. ते काम माझं. पंचायतीपुढे सतरंज्या अंथरल्या, बायका ओट्यावर बसल्या, आणि मी उभा राहून, धूळ खात बसलेल्या माझ्याच लोकांना वाचून दाखवलं की धूळ नाही.

बाबांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ गेली नाही. मग नामदेवकाका म्हणाले, "काहून गा दामू, बरणीचं तोंड उघडं होतं ना?"

"उघडंच होतं, काका."

"मंग धूळ गेली कुठं?"

तेवढ्यात ओट्यावरून माय म्हणाली, "कुठं जाईन? मी रोज सकाळी घासत होती ना."

सगळ्या माना तिकडे वळल्या.

"शिडी लावून चढत होती," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं, स्वतःचं आणि माझंही. "पाणी बी रोज नवं भरत होती. तुह्या हापिसचं भांडं, त्याच्यात अशी माती बसून राहिली. तुहा साहेब म्हनला असता, याच्या मायले भांडं घासता येत नाही."

मागून कोणी तरी ओरडलं, "म्हन्जे गावची हवा वहिनीनं राखेनं घासली बे!" आणि सगळं गाव हसत सुटलं. मीही हसलो. माय एकटी हसत नव्हती. तिला अजून कळलं नव्हतं, आणि कोणी सांगायला धजेना. शेवटी मीच घरी गेल्यावर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीशी जाऊन बसली. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं. बाबांनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. पुन्हा एकदा बरणी ठेवू म्हटलं. ते वाईट नव्हते. म्हणाले, "दामोदर, डेटा ऊपर जा चुका है. अब तुम्हारी माँ की गवाही मैं कौन से कॉलम में डालूँ? अगले फेज में देखेंगे." पुढचा फेज दुसऱ्या जिल्ह्यात गेला. परवाना नवा झाला. कचेरीत परवान्याच्या कागदांना आमच्याच अहवालाची प्रत जोडलेली होती, हे काकांनी मला बघून येऊन सांगितलं, अगदी शांतपणे, जणू पावसापाण्याचं बोलावं.

त्यानंतरचं सगळं मला काचेपलीकडून पाहिल्यासारखं आठवतं. बाबांना नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत होतो. बाबा गेले तेव्हाही मी आधी रुग्णवाहिकेचा भाव केला. माय माझ्याकडे राहायला आली. घरमालकिणीकडून दाल पकवान शिकली आणि तिला झुणका शिकवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यांचं काही अडलं नाही. मला बढती मिळाली. आता मी दुसऱ्यांना बरण्या घेऊन पाठवतो.

गेल्या दिवाळीनंतर नामदेवकाका आले. क्रशर हलला नाही, तेव्हा गावच हलणार होतं, रस्त्यापलीकडच्या गायरानात. प्लॉट पाडायचे होते.

"वहिनी, तुमच्या नावचा धरू का?"

प्लॉट कोणाला मिळतो, याचे नियम सांगायला मी तोंड उघडलं. मायने हाताने थांबवलं.

"कोन रायनार हाय भाऊ तिथं? हा? ह्याच्यानं आता घोंगडीवर झोपवत नाही. ज्याले रायचं हाय त्याले द्या."

आणि ती चहा टाकायला उठली. मी मायकडे पाहत होतो. रडेल असं वाटलं. तिने डब्यातली साखर संपली म्हणून मला खाली पाठवलं.

काकांना बसवर सोडायला गेलो. घर म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं तर मी जरीपटक्याचा पत्ता सांगतो, आणि तो बरोबर असतो. काका खिडकीशी बसले, बस सुरू झाली, तेव्हा बाहेर वाकून म्हणाले, "तुह्या मायले घेऊन येत जाय गा मंधामंधात. उतराले माहं घर हाय. फक्त आंगोदर कळवजो, पाहुन्याच्या चादरी धुवून ठेवा लागते."

"कळवीन काका," मी म्हणालो.