हजरकाका

हजरकाकांना कुणीही हाक मारली की ते ‘ओ’ देत नसत, ‘हजर!’ म्हणत. काकूंनी आतून कचरा टाकून या म्हटलं तरी ‘हजर!’, आणि तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफीवाल्याने त्यांचा नंबर पुकारला तरी ‘हजर!’ माझी मुलगी पहिल्यांदा भेटली तेव्हा दचकून, सिंगापुरी ढंगात शेवटी ‘ला’ जोडत म्हणाली, “बाबा, ही इज सो लाऊड ला!” काका इतके खूश झाले की तिच्या हातावर लगेच चिक्की पडली.

ही सवय त्यांना आमच्या मंडळाने लावलेली. युद्धाच्या काळात इथे सिंगापुरात देशाच्या स्वातंत्र्यासाठी जी फौज उभी राहिली, तिच्यातल्या अधिकाऱ्यांच्या वंशजांचं हे मंडळ. एका अधिकाऱ्यामागे एक सभासद, वारसाहक्काने. वर्षातून एकदा क्वीन्सटाउनच्या हॉलमध्ये एकेका अधिकाऱ्याचं नाव पुकारतात आणि त्याचा वारस उभा राहतो. बाकीचे ‘प्रेझेंट’ म्हणून बसून घेत. काकांच्या वडिलांचं, कॅप्टनसाहेबांचं, नाव आलं की काका टाचा जुळवून असा काही ‘हजर!’ ठोकत की मागच्या रांगेतल्या डुलक्या उडत. म्हणत, “अरे, बाप बोलावतोय! मरतुकड्या आवाजात काय उत्तर द्यायचं?”

मला मंडळात आणलं ते त्यांनीच. मी तेव्हा पुण्याहून नवा आलेला, बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात कोड लिहिणारा. माझे पणजोबा त्या फौजेत लेफ्टनंट होते, पण पुरावा काय, तर आजीचं सांगणं आणि एक धुरकट फोटो. कागद नसतील तर जुन्या सभासदाची लेखी हमी चालते, असा नियम होता. काकांनी तिथल्या तिथे सही ठोकली. “कागद हरवतात रे लेका, पणजोबा हरवत नाहीत,” म्हणाले. त्या वर्षी माझ्या पणजोबांचं नाव आलं तेव्हा मीही काकांसारखाच ओरडलो, ‘हजर!’ काकांनी मागून पाठीत धपका घातला.

पुढे मी चिटणीस झालो. झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. प्रत्येकाचे कागद नव्याने तपासायचं मीच काढलं. काकांनी अगदी कौतुकाने एक पिवळा कागद माझ्यापुढे ठेवला. दत्तकपत्र. कॅप्टनसाहेबांना मूल नव्हतं, लढाईनंतर त्यांनी नात्यातला चार वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला, तो हा. “होम झाला, गावजेवण झालं. जिलबी होती म्हणे,” काका सांगत होते. पुढे त्यांनीच वडिलांना अग्नी दिला, अजून दरवर्षी श्राद्ध करतात. दत्तक मुलगा म्हणजे मुलगाच, यात सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पण नियमात लिहिलं होतं, ‘रक्ताचा वारस’. तो कागद मी फायलीत लावून गप्प बसू शकलो असतो. कुणी विचारणार नव्हतं. मी मात्र तो समितीपुढे ठेवला आणि वर काकांना माझ्याच सहीचं पत्र पाठवलं: पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. ‘करावा’! ज्या माणसाच्या घरी मी दर रविवारी थालीपीठ खात होतो, त्याला!

खुलासा आला नाही, तिसऱ्या दिवशी राजीनामा आला. दोन ओळी. समितीत कुणीतरी हळहळलं, तर मी म्हणालो, “कर नाही त्याला डर कशाला?” हे शब्द आठवले की अजून अंगावर काटा येतो. रविवारी मी गेलो नाही. त्यांचा फोन आला, तोही टाळला. कॅप्टनसाहेबांचं नाव पुकाऱ्यातून निघालं आणि त्या वर्षी मागच्या रांगेतले निवांत झोपले.

वर्षाच्या आत काका गेले. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी पाणी दिलं आणि मंडळाची नियमांची पुस्तिका माझ्या हातात ठेवली. “तुझीच आहे रे, परत न्यायची राहिली.” एका कलमाखाली पेन्सिलीची रेघ होती: ज्या सभासदाचं नाव काढलं जाईल, त्याच्या हमीवर घेतलेल्यांचंही सभासदत्व रद्द होईल. चिटणीस मी, आणि ते कलम कधी वाचलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तेवढं दिसलं.

“पत्र आलं त्या दिवशी हेच उघडून बसले होते,” काकू म्हणाल्या. “म्हणाले, मला काढलं तर पोराचंही नाव जाईल. आपण होऊन सोडलं तर त्याचं राहील. तेच सांगायला फोन केला होता तुला, की घाबरू नकोस.”

मी रडलो. काकूच मला समजावत बसल्या, याचीही लाज वाटली.

‘रक्ताचा’ हा शब्द काढावा असा अर्ज मी दिला आहे. माझ्याकडे एकही कागद नाही, मी काकांच्या सहीवर आत आलोय, हेही त्यात लिहिलं आहे. समिती विचार करते आहे. मधल्या काळात यंदाचा मेळावा झाला. पणजोबांचं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो आणि खाली बघून ‘प्रेझेंट’ म्हणालो. ‘हजर’ म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं.