बिनराबाचं आवण

शिकलेल्या पोरीने भातावर संशोधन केलं की तिची थट्टा दोन्हीकडून होते. गावात विचारतात, "भात लावायला बी कालेज लागतं का गं?" विद्यापीठात विचारतात, "यात नवीन काय?" दोघांनाही माझं एकच उत्तर असतं. आधी माझ्या आईची मान बघा, मग बोला.

कर्जत आणि खालापूरच्या मधल्या आमच्या गावात भाताचं रोप, म्हणजे आवण, राब भाजल्याशिवाय कोणी करत नसे. रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर डोंगरातून तोडून आणलेल्या फांद्या आणि पाला, वर थोडी माती, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तण मरतं, राख मिळते, पाऊस पडला की आवण तरारून वर येतं. पद्धत वाडवडिलांची आहे आणि मूर्खपणाची मुळीच नाही. फक्त तो पाला डोंगरातून आपल्या पायांनी चालत येत नाही. बाई आणते, डोक्यावरून. बाबा साजगावच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळे आमच्या घरचा सगळा पाला आई एकटी आणायची. तिच्या मानेचे मणके झिजले, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. ती मान हलवून आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाऱ्याला गेली. राब भाजला नाही तर खायचं काय, याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं.

तो प्रश्न मी विद्यापीठात नेला. राबाशिवाय दणकट आवण येतं का? विद्यापीठाच्या शेतावर येत होतं. उन्हाळ्यातच जमिनीला पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, उगवलं की खरवडून काढायचं. मग उंच वाफे करून त्यात शेणखत आणि तुसाची राख मिसळायची आणि बी विरळ पेरायचं. पण विद्यापीठाचं शेत म्हणजे मांडवातला नवरदेव, त्याच्या दिमतीला दहा माणसं. आमच्या उतारावरच्या जमिनीत हे जमेल का, ते मला बघायचं होतं. म्हणून मी घरच्या रोपाच्या जागेची अर्धी बाजू मागून घेतली, मध्ये सुतळी बांधली आणि बाबांना बजावलं, सुतळीच्या अलीकडे पेटवायचं नाही.

मे महिन्यात घरी आले तर दोन्ही बाजू काळ्याकुट्ट. सुतळीही जळाली होती. बाबा खुशीत अंगणात उभे होते.

"तुजा बी भाग भाजून ठेवला गं. तुज्या बाजूला पाला जाडच घातला. आवन पिवळं पडलं आसतं तर लोकांत हसं झालं आसतं तुजं."

सगळं मायेपोटीच केलेलं. तरी मी ओरडलेच. तेव्हा आतून आई म्हणाली, "त्यांना नको बोलू. तो जास्तीचा पाला मीच आनला." तिचं ओझं उतरावं म्हणून मी ज्या प्रयोगाचा घाट घातला, त्याच्याच पायी ती डोंगरात जास्तीच्या खेपा करून आली होती. इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता.

विद्यापीठातले माझे मार्गदर्शक सर म्हणाले, घरचा प्रयोग सोडून दे, इथल्या शेतावरची माहिती पुरेशी आहे, प्रबंध होऊन जाईल. सर वाईट नव्हते, माझ्या भल्याचंच सांगत होते. मी म्हटलं, "प्रबंध होईल सर, पण पाला तसाच येत राहील." पदवी वर्षभर लांबेल असं त्यांनी सांगितलं. लांबू दे म्हटलं. पदवी थांबली असती, आईचे मणके थांबणार नव्हते.

पुढच्या साली मी अर्धी बाजू मागितलीच नाही. सगळी मागितली. बाबा खवळले.

"आवन नाय आलं तर लावनी कशाची करशील? तुज्या पुस्तकांची?"

त्यांचं चूक नव्हतं, घरचं वर्षभराचं भात पणाला लागत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली, "मी औंदा डोंगरात जानार नाय. आवन येवो, नायतर न येवो." एवढं बोलून ती गोठ्यात निघून गेली. त्यापुढे कोणाचं काही चाललं नाही.

मे महिन्यात मी विहिरीचं पाणी सोडून तण उगवू दिलं तेव्हा गाव हसायला आलं. शिकून आली आणि गवत पेरलं, म्हणाले. हसा म्हटलं. पाऊस लागल्यावर आवण आधी बुटकंच आलं. बाबा कामावरून सुटले की घरात शिरायच्या आधी वाफ्यांकडे जाऊन येत. खालच्या कोपऱ्यात पाणी साचून तण माजलं, ते मला हातांनी उपटावं लागलं. प्रबंधात तेही लिहिलं, झाकलं नाही. बाकीचं आवण मात्र जाड बुंध्याचं झालं. लावणीला आलेल्या बायका उपटता उपटता म्हणाल्या, हे किती सहज सुटतंय गं. आमचं एकही खाचर रिकामं राहिलं नाही.

प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात गेला, अजून तिथेच असेल. माझी विद्या खरी पसरवली ती आईने. जी बाई विचारेल तिला ती आमच्या वाफ्यावर उभी करून सगळं सांगायची, तणाच्या कोपऱ्यासकट.

पुढच्या उन्हाळ्यात आळीतले एक काका तणतणत आले आणि थेट बाबांवर घसरले. "तुमच्या पोरीच्या शिक्षनापायी आमच्या घरात भांडनं लागली. आमची ही म्हनते, पाला आनायला जानार नाय!"

आई पदर खोचून पुढे झाली.

"मंग भावजी, तुमी जा. डोंगर तितंच हाय."