पोटावरचा हात

"तूच दाब, अन् कुठं दुखते ते सांग."

डॉक्टर खुर्चीत बसून होते. माझी आई टेबलापलीकडे उभी होती. तिने उजव्या बरगडीखाली स्वतःच्या पोटावर स्वतःची बोटे टेकवली.

"इथं, साहेब."

"जोरानं दाब. पोट तुयं, दुखनं तुयं. माह्यापेक्षा तुलेच जास्त समजन."

बाकावरची माणसे हसली. आईही हसली. तिचे ते हसणे माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मी तेव्हा आठवीत होते. आमच्या आधी एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची बाई आली होती. तिला डॉक्टर "काकू, झोपा" म्हणाले. हिरव्या रेक्झिनच्या खाटेवर तिला निजवून त्यांनी दोन्ही हातांनी तिचे पोट तपासले. खाट तीच. दुखणेही पोटाचेच. फरक आडनावाचा. आमचे आडनाव कळले, की डॉक्टर आपली खुर्ची थोडी मागे घेत. ते शिवी देत नसत, रागावत नसत. गोळ्या टेबलाच्या कडेला ठेवत. फक्त हात लावत नसत. या प्रकारचा अपमान ओळखायला वेळ लागतो, कारण बोट ठेवून दाखवावे असे त्यात काहीच नसते.

घरी कामरगावला परतताना जीपमध्ये मी आईला म्हटले, त्यांनी तुला तपासलेच नाही. ती म्हणाली, "गोळ्या देल्ल्या ना? मंग झालं."

त्या दिवशी मी डॉक्टर होण्याचे ठरवले. ठरवणे सोपे होते.

त्यानंतर चार वर्षे आई त्याच टेबलापुढे उभी राहून स्वतःचे पोट दाबत राहिली. मी बारावी झाले, तेव्हा दुखणे असह्य होऊन आम्ही वाशिमच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आईला झोपवले. गुडघे दुमडायला सांगितले. पोट तपासण्याची एक रीत असते, ती मी त्या दिवशी पाहिली. दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करायची, हळूहळू जवळ यायचे, आणि नजर हातावर नव्हे, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची. बाईंचा हात एका जागी थांबला.

"इथे गाठ आहे. आधी कोणी पोट तपासलं नव्हतं?"

"मीच दाबत होती, म्याडम," आई म्हणाली.

पुढे नागपूरच्या चकरा झाल्या. उशीर झाला आहे, हे तिथे आम्हाला समजावून सांगण्यात आले. समजावून सांगितल्याने उशीर कमी होत नाही.

मी प्रवेशपरीक्षा दोनदा दिली. दोन्ही वेळा गुण कमी पडले. नर्सिंगला मात्र प्रवेश मिळू शकत होता. नर्सिंग हे हलके काम आहे, असे मी कधीही मानले नाही. नागपूरला आईची कूस बदलणारे हात परिचारिकांचेच होते. म्हणूनच निर्णय कठीण होता.

अशात वडील आईसाठी गोळ्या आणायला त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी माझी चौकशी केली आणि मला बोलावून घेतले. मी गेले. टेबल तेच होते.

"डॉक्टरकीचा नाद सोड," ते म्हणाले. आवाजात आपुलकी होती. "नर्सिंग कर अन् माह्याकडं ये. तुमच्या वस्तीतले पेशंट तू हात लावून पाहत जा, मले सांगत जा. मी औषध लिहून देईन."

माझ्या ध्यानात सर्व आले. तपासणीला हात लागतो, हे त्यांना आईच्या वेळीही ठाऊक होते. तो हात त्यांना आता मिळाला होता. माझा.

"हात तुम्हालाही आहेत, डॉक्टर," मी म्हणाले. "ते लावा."

ते चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे घेतली.

बाहेर वडील थांबले होते. सारे ऐकून ते म्हणाले, "हो म्हनून द्याचं ना, बाप्पा. मायजवळ राह्यली असती." त्यांचे चुकत नव्हते. आईजवळ राहण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. घरी आईने भिंतीकडे तोंड करून विचारले, "त्याच्यापायी तू काहून जीव जाळून राह्यली?"

मी तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार आहे. गुण पुरतील असे वाटत नाही. पुरले तरी मी डॉक्टर होईन तेव्हा आई नसेल. नाही पुरले, तर मी परिचारिका होईन आणि ते काम नीट करीन. परंतु ज्या खोलीत डॉक्टरचे हात टेबलाखाली असतील, तिथे मी उभी राहणार नाही. आमच्या माणसांना शिवण्यासाठी ठेवलेला त्यांचा हात मी होणार नाही.